घरी ओफ्रेंदा मांडायची तर: क्रम, वेळा आणि नेहमीच्या चुका

ऑक्टोबर सरत आला की मेक्सिकोत नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबं आणि लग्न होऊन इथे आलेल्या मुली हमखास विचारतात: 'दीया दे मुएर्तोसला, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या सणाला, घरात ओफ्रेंदा मांडायची आहे, काय काय आणू?' सुरुवात इथेच चुकते. सामानाची यादी आधी केली की ३१ तारखेला झेंडू, कागदी पताका आणि साखरेच्या कवट्या घरात येतात, टेबल छान सजतं, आणि मग कुणीतरी विचारतं, 'फोटो कुणाचा ठेवायचा?'

ओफ्रेंदा म्हणजे गेलेल्यांपैकी ठरावीक माणसांसाठी, ती घरी येतात असं मानतात त्या ठरावीक वेळी वाढून ठेवलेलं पान. म्हणून आधी माणसं ठरतात, मग वेळ, मग जागा, सामान त्यानंतर. खाली दिलेला क्रम मेक्सिको सिटी आणि पुएब्लाकडच्या घरांत चालतो तो आहे. वाहाका, मिचोआकान, वास्तेका, युकातान इथल्या रीती बऱ्याच वेगळ्या आहेत. तुम्ही कुणाच्या घरी मदतीला जात असाल तर त्या घरच्या आजीबाई सांगतील तेच बरोबर, मी लिहिलेलं नव्हे.

## १. माणसं ठरवा, नावं लिहा

कागदावर नावं लिहून काढा. नवऱ्याकडची, बायकोकडची, दोन्ही घरांची. लहानपणी गेलेली मुलं वेगळी लिहा, कारण त्यांची वेळ, फुलं आणि जेवण वेगळं असतं. अपघातात किंवा हिंसेत गेलेल्यांची नावंही वेगळी काढा.

मग फोटो शोधा. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. फोटोत फक्त गेलेलंच माणूस हवं. लग्नाच्या किंवा सहलीच्या फोटोत शेजारी हयात माणूस असेल तर फोटो कापून छापून घ्या. हयात माणसाचा फोटो ओफ्रेंदावर ठेवणं बहुतेक घरांत अशुभ मानतात. दुसरं म्हणजे फोटो छापलेला हवा, फ्रेममध्ये असेल तर उत्तम. मोबाइल टेकवून ठेवू नका. फोटोच नसेल तर जाड कागदावर स्वच्छ अक्षरात नाव लिहून ठेवा, ते चालतं.

अलीकडेच गेलेल्यांबाबत घरात विचारल्याशिवाय काही ठरवू नका. काही कुटुंबांत वर्ष पुरं होईपर्यंत त्या व्यक्तीचा फोटो मांडत नाहीत. याच्या अगदी उलट, पुएब्ला राज्यातल्या वाकेचुला गावात त्या वर्षी गेलेल्यांसाठीच पांढऱ्या साटिनचे, छताला टेकतील एवढे मोठे मजले उभारतात आणि ज्या घरी मृत्यू झाला त्या घराचं दार येणाऱ्या प्रत्येकासाठी उघडं असतं.

तपासा: नावांची यादी आणि फोटो हातात आल्याशिवाय बाजारात जाऊ नका. मेणबत्त्या किती आणायच्या तेही या यादीवरूनच ठरतं.

## २. तारखा आणि वेळ: खरा घोळ इथे होतो

'२ नोव्हेंबरचा सण' एवढंच डोक्यात असतं. मग २ तारखेला संध्याकाळी, ऑफिसमधून आल्यावर, ओफ्रेंदा मांडली जाते. तोवर पाहुणे येऊन गेलेले असतात.

मध्य मेक्सिकोत साधारणपणे असं मानतात:

- २८ ऑक्टोबर: अपघातात किंवा हिंसेत गेलेले.
- ३१ ऑक्टोबर, दुपारी १२: लहान मुलं येतात.
- १ नोव्हेंबर, दुपारी १२: मुलं निघतात, मोठी माणसं येतात.
- २ नोव्हेंबर, दुपारी १२ च्या सुमारास: मोठी माणसं निघतात.

२७ ऑक्टोबर हा पाळीव प्राण्यांचा दिवसही आता पुष्कळ घरांत धरतात. ही अगदी अलीकडची रीत आहे. घरातल्या कुत्र्यासाठी पाणी आणि त्याचा खाऊ ठेवायचा असेल तर जरूर ठेवा.

मेक्सिको सिटीच्या आग्नेय टोकाला मिस्किकमध्ये या वेळा चर्चच्या घंटांनी सांगितल्या जातात, आणि निरोपाच्या संध्याकाळी सगळं कब्रस्तान मेणबत्त्यांनी उजळतं. पात्स्क्वारो सरोवरातल्या हानित्सिओ बेटावर १ तारखेची रात्र थडग्यांपाशी जागून काढतात. हे मुद्दाम सांगते, कारण अनेकजण 'घरची ओफ्रेंदा २ तारखेला सकाळी मांडू आणि रात्री बेटावर जाऊ' असा बेत करतात. त्यात दोन्ही हुकतं.

म्हणून मांडणी ३० ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत उभी करा, अपघातात किंवा हिंसेत गेलेलं कुणी यादीत असेल तर २८ च्या आधीच. ३१ ला सकाळी फक्त ताजी फुलं, पाणी आणि मुलांचं खाणं एवढंच राहिलं पाहिजे. घरात लहान मूल गेलेलं नसेल तर एक दिवस हाताशी मिळतो, पण त्यावर विसंबून राहू नका.

सावधान: २ नोव्हेंबरला बँका बंद असतात आणि बऱ्याच शाळाही, पण कामगार कायद्यातल्या सक्तीच्या सुट्ट्यांत हा दिवस नाही. खासगी कंपनीत असाल तर रजा आधीच टाकून ठेवा.

## ३. सामान: काय, कधी

सगळं एका फेरीत आणायचा मोह होतो. फुलं आणि पाव लवकर आणले तर ऐन दिवशी फुलं मान टाकतात आणि पाव वाळतो. म्हणून दोन फेऱ्या करा.

पहिली फेरी, २० ते २५ ऑक्टोबर. पताका, मेणबत्त्या, कोपाल, मातीचं धुपाटणं, कोळसा, साखरेच्या कवट्या, चटई, पांढरं कापड. झेंडूच्या कुंड्याही याच फेरीत घ्या.

पापेल पिकादो म्हणजे पातळ रंगीत कागदाच्या थप्प्या छिन्नी-हातोडीने कोरून केलेल्या पताका. पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर विस्कोलोत्ला हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. दुकानात कागदी आणि प्लॅस्टिकच्या दोन्ही मिळतात. घरात कागदीच घ्या. वारा आला की ती सळसळते, आणि कोणीतरी आल्याची खूण म्हणून घरचे तिच्याकडेच बघत असतात. प्लॅस्टिकची अंगणात, पावसात लावायला ठीक.

कोपाल ही झाडाची राळ. बाजारात खड्यांच्या रूपात मिळते आणि काड्यांच्या रूपातही. खडे घ्या. काड्यांत बऱ्याचदा नुसता सुगंधी अर्क असतो.

दुसरी फेरी, २९ ते ३१ ऑक्टोबर. कापलेली फुलं, फळं, पाव.

सेंपासुचिल म्हणजे आपला झेंडू. तो मुळातला मेक्सिकोचाच, नंतर समुद्रमार्गे आपल्याकडे पोचला. इथे तो लांब दांड्यासकट, मानोखो म्हणजे जुडीने विकतात. मेक्सिको सिटीत हामाइका बाजार रात्रभर उघडा असतो, पहाटे गेलात तर माल ताजा आणि गर्दी कमी. कुंडीतली रोपं बरीचशी सोचिमिल्कोच्या रोपवाटिकांतून येतात. माझं मत असं की मजल्यांसाठी कुंड्या घ्याव्यात आणि दारापासून ओफ्रेंदापर्यंतच्या वाटेवर टाकायच्या पाकळ्यांसाठी जुड्या. कुंडीतली फुलं दोन आठवडेही टिकतात. जुडी मात्र चार दिवसांत मान टाकते आणि तिच्या बादलीतल्या पाण्याला वास येतो, ते रोज बदलावं लागतं. जोडीला कोंबड्याच्या तुऱ्यासारखं गडद किरमिजी मखमली फूल, तेर्सिओपेलो, घ्या. लहान मुलांसाठी पांढरी फुलं.

पान दे मुएर्तो, म्हणजे वर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या आणि मधोमध गोळा असलेला, साखर भुरभुरलेला गोल पाव, बेकऱ्यांत सप्टेंबरपासूनच दिसायला लागतो. खायला केव्हाही घ्या, पण ओफ्रेंदासाठीचा ३१ किंवा १ तारखेचाच हवा. वाहाकात तो वेगळा असतो, त्यात रंगवलेला छोटा चेहरा खोचतात.

तपासा: मेणबत्त्या = यादीतली नावं + १. ही जास्तीची एक आनिमा सोलासाठी, म्हणजे ज्याची आठवण काढणारं कोणीच उरलं नाही त्याच्यासाठी. बरीच घरं ती न चुकता लावतात. तुम्हीही लावा.

## ४. जागा आणि मजले

दारातून आत आल्यावर जिथपर्यंत सरळ वाट काढता येईल अशी भिंत निवडा. पडदे, पंखा, एसीचा झोत यांपासून लांब. दक्षिण दिशा शोधत बसू नका, तो आपल्याकडचा नियम आहे, इथे तो लागू नाही.

सात मजले केलेच पाहिजेत असं कोणीतरी सांगतं. सात मजली ओफ्रेंदा शाळांत, सार्वजनिक इमारतींत, स्पर्धांत जास्त दिसते. घरी दोन किंवा तीन मजले पुरतात. दोन म्हणजे आकाश आणि धरती. टेबल, त्यावर फळांचे लाकडी खोके (इथे त्यांना वाकाल म्हणतात), लागलंच तर आणखी एक खोकं. पुठ्ठ्याचे खोके वापरू नका, ओल्या कुंडीने खचतात आणि पेटायलाही वेळ लागत नाही.

खोकी रचली की हाताने जोरात हलवून बघा. डगमगलं तर खाली लाकडी पाचर द्या. आता हललं नाही तर पेटत्या मेणबत्त्या वर असतानाही हलणार नाही.

## ५. मांडणी: वरून खाली, मागून पुढे

क्रम असा ठेवला की परत परत काही उचलावं लागत नाही.

कापड. सगळ्या मजल्यांवर पांढरं किंवा भरतकाम केलेलं कापड. कडा जमिनीवर लोळू देऊ नका, पाय अडकतो.

कमान. उसाच्या किंवा वेताच्या दोन काठ्या दोन्ही बाजूंना बांधून वर वाकवायच्या, तिला झेंडू आणि फळं बांधायची. वाहाका आणि वास्तेकात कमानीशिवाय ओफ्रेंदा पुरी होत नाही. मेक्सिको सिटीतल्या फ्लॅटमध्ये ती नसली तरी चालतं.

पताका. मागच्या भिंतीवर आणि वरच्या बाजूला. ज्या मजल्यावर मेणबत्ती येणार त्याच्या पुढच्या कडेला पताका लोंबू देऊ नका. सुंदर दिसते म्हणून सगळे तिथेच लावतात, आणि पेट घेते तीही तिथेच.

क्रूस, मूर्ती, फोटो. सगळ्यात वर कुटुंबाची श्रद्धा असेल तसा क्रूस किंवा ग्वादालूपेची माता (मेरी), त्याखाली फोटो. यजमानांच्या घरी फोटोला हार घालू नका, कुंकू लावू नका. इथे फुलं फोटोभोवती असतात, फोटोवर नाही. स्वतःच्या घरी स्वतःच्या आईवडिलांचा फोटो मांडत असाल तर तुमची रीत तुमची.

पाणी आणि मीठ. लांबचा प्रवास करून आलेल्याला आधी पाणी. काचेचा स्वच्छ पेला, काठोकाठ, रोज बदललेला. शेजारी बशीत मीठ, काही घरांत त्याचा जमिनीवर क्रूस काढतात. ही दोन्ही विसरली जातात, कारण ती फोटोत दिसत नाहीत.

चटई आणि वापरातल्या वस्तू. पायथ्याशी पेताते, म्हणजे ताडाच्या पातीची चटई, टेकायला. काही घरांत हातपाय धुवायला छोटं घमेलं, साबण आणि टॉवेलही असतो. त्या माणसाच्या हातात रोज असणारी एक वस्तू शोधा: चष्मा, विणकामाच्या सुया, पत्त्यांचा जोड, अडकित्ता. दुकानातून आणलेल्या दहा कवट्यांपेक्षा ती एक वस्तू घरच्यांना हेलावते. मुलांसाठी खेळणं.

सावधान: हॅलोवीनचे कोळी, जाळी, दात विचकणारे भोपळे ओफ्रेंदावर ठेवू नका. सान्ता मुएर्तेची मूर्तीही नको, ती वेगळी उपासना आहे आणि अनेक कुटुंबांना ती इथे अजिबात खपत नाही. टोपी घातलेली कात्रिना, म्हणजे सांगाड्याच्या रूपातली बाई, शोभेला बाजूला चालेल, फोटोच्या जागी नव्हे.

## ६. पाकळ्यांची वाट

झेंडूचा हिरवा देठ एका हातात धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत सगळ्या पाकळ्या एकत्र पकडा आणि किंचित पिरगाळून ओढा. सगळ्या एकदम सुटून येतात. एकेक खुडत बसलात तर रात्र जाईल.

वाट दारापासून ओफ्रेंदापर्यंत अखंड हवी. फ्लॅट असेल तर उंबरठ्यापासून. पाकळ्या कोरड्या असताना, ३१ किंवा १ तारखेला बारा वाजायच्या आधी टाका. ओल्या पाकळ्या पायाखाली चिरडल्या की फरशीवर पिवळे डाग पडतात, लाकडी जमिनीवरचे तर निघत नाहीत. भाड्याचं घर असेल तर खाली कागदाची पट्टी अंथरा.

## ७. जेवण: शेवटी, आणि गरम

मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा), तामालेस (पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे), आतोले (मक्याचं दाट गरम पेय), चॉकलेट, गुळात दालचिनी घालून शिजवलेला भोपळा, संत्री, पेरू, ऊस, तेखोकोते ही पिवळी आंबटगोड फळं. ही सर्वसाधारण यादी झाली. पण त्या माणसाला काय आवडायचं ते सगळ्यात आधी. आजोबांना कडक कॉफी लागायची तर कॉफी, कुणाला मेस्काल ही इथली दारू तर तिचा एक छोटा पेला. तुमच्या आईला पिठलं-भाकरी प्रिय होती तर बिनदिक्कत पिठलं-भाकरी वाढा, तुमच्या मेक्सिकन सासूबाई त्याचं कौतुकच करतील. मुलांच्या ताटात तिखट घालत नाहीत. दूध, गोड पाव, मिठाई.

गेलेली माणसं अन्नाचा वास आणि वाफ घेतात असं मानतात. म्हणून शिजवलेलं अन्न बारा वाजायच्या जरासं आधी, वाफाळतं ठेवायचं. सकाळी आठला वाढून ठेवलेला गार मोले ही फार नेहमीची चूक आहे. आणि त्यांनी घेण्याआधी त्यातलं काही उचलून खायचं नाही, मुलांनीसुद्धा.

शिजवलेल्या पदार्थांचं माप लहान ठेवा, एक वाटी, एक तामाल. बाकीचं स्वयंपाकघरात झाकून फ्रीजमध्ये. चिकन घातलेला मोले काही तास उघड्यावर राहिला तर तो कोणालाही खाऊ घालू नका. फळं, पाव, मिठाई यांची काळजी नाही.

शाकाहारी वाचकांसाठी: इथे मान्तेका म्हणजे बहुधा डुकराची चरबी. तामालच्या पिठात ती हमखास असते, घेवड्यात असते, काही बेकऱ्यांच्या पावातही. मोले बरेचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. बाजारात विकत घेताना 'येवा मान्तेका?' (यात मान्तेका आहे का?) एवढं विचारा, विकणारा खरं सांगतो.

सावधान: साखरेच्या कवट्यांना मुंग्या लागतात. बशीत ठेवा, कापडावर थेट नको. कवटीच्या कपाळावर नाव लिहून ती हयात मित्राला भेट देण्याचीही पद्धत आहे. कुणी तुमच्या नावाची कवटी हातात दिली तर घाबरू नका, प्रेमाने दिलेली असते.

## ८. दिवे आणि कोपाल

सगळी मांडामांड संपल्यावरच काडी ओढा. मेणबत्त्या पेटवून मग फुलं सारखी करायला वाकलं की बाही पेटते, केस पेटतात.

वेलादोरा, म्हणजे काचेच्या पेल्यातली मेणबत्ती, घ्या. उघडी उभी मेणबत्ती कागद आणि सुकत्या फुलांजवळ नको. सगळ्या वेलादोरा खालच्या मजल्यावर किंवा जमिनीवर, परातीत बोटभर वाळू घालून त्यात. काच तडकली तर मेण वाळूत उतरतं. ज्योतीच्या वर हात धरून पाहा. जिथे चटका बसतो तिथपर्यंत काही लोंबत नसावं. रात्री झोपताना विझवा, घरचे विझवू नको म्हणाले तर एकाने जागं राहावं. बरीच घरं आता रात्री बॅटरीचे दिवे ठेवतात, त्यात काही कमीपणा नाही.

कोपालचं तंत्र वेगळं आहे. धुपाटण्यात तळाशी वाळू, त्यावर कोळसा. कोळसा गच्चीत किंवा खिडकीपाशी पेटवा आणि वरून राखाडी होईपर्यंत थांबा. काळ्या कोळशावर किंवा ज्वाळेवर खडा टाकला तर तो धुमसून करपतो आणि घरभर काळा धूर होतो. राखाडी निखाऱ्यावर वाटाण्याएवढा एकच खडा ठेवा: तो पाघळतो, बुडबुडतो आणि पांढरा, लिंबासारख्या वासाचा धूर सरळ वर जातो. धूर विरला की दुसरा खडा. घरातलं वडील माणूस धुपाटणं हातात घेऊन चारी दिशांना आणि ओफ्रेंदाभोवती फिरवतं, नावं घेतं. ते काम आपण पुढे होऊन करू नये, दिलं तर करावं.

तपासा: खिडकी थोडी उघडी आहे? धुपाटण्याखाली फरशी आहे? दम्याचं कुणी घरात असेल तर एकच खडा, तोही दाराबाहेर.

## ९. दुसऱ्याच्या घरी बोलावलं असेल तर

रिकाम्या हाताने जाऊ नका. एक वेलादोरा, फुलांची जुडी, फळं किंवा पाव. ते यजमानांच्या हातात द्या, स्वतः ओफ्रेंदावर ठेवू नका. फोटो काढण्याआधी विचारा, कब्रस्तानात तर नक्कीच. श्राद्धाच्या अन्नाविषयीचा मनातला संकोच इथे बाजूला ठेवा: ओफ्रेंदावरून उचललेला पाव कोणी पुढे केला आणि तुम्ही नको म्हणालात, तर त्या घराला ते लागतं.

## १०. उचलणं

२ तारखेला दुपारी निरोप झाल्यावर किंवा ३ ला सकाळी. आठवडाभर तशीच ठेवून देणारे खूप आहेत. फळं नासतात, चिलटं होतात.

आधी दिवे विझवा. निखारे वाळूत दाबून किंवा पाणी ओतून पूर्ण गार करा, वरून विझलेला कोळसा आत तासन्‌तास धगधगत असतो आणि कचऱ्याच्या पिशवीत पेट घेतो. मग खाण्याचे पदार्थ: जे चांगलं आहे ते ताटात भरून शेजारी, नातेवाईक, इमारतीचा पहारेकरी यांना वाटा. चव उतरलेली लागेल. घरचे सांगतील की त्यांनी घेऊन झालं म्हणून. पेल्यातलं पाणी झाडांना घाला, मीठ नळाखाली सोडून द्या, झाडांत नको. पाकळ्या कोरड्या झाडूने गोळा करून मातीत पुरा. पताका घडी घालून सपाट, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. साखरेच्या कवट्या कोरड्या डब्यात बंद केल्या तर पुढच्या वर्षीही उपयोगी पडतात.

फोटो सगळ्यात शेवटी खाली घ्या, पुसा, आणि नावांच्या यादीसकट एका पाकिटात ठेवा.